आधी आणलं असतं तरी

२२ नोव्हेंबर २०२४

आज दवाखान्यातून घरी आले. निघताना आदिनाथ डॉक्टर म्हणाले, "मामी, तुम्हाला लिहिता येतं. मग रोज लिहून ठेवा. ताप आला का, जखम ओली झाली का, जेवण किती गेलं." म्हणून नातीकडून, सायलीकडून, एक कोरी वही मागून घेतली. ती चौथीत आहे. म्हणाली, "आजी, चुका मी तपासीन." मी म्हटलं, तुझ्या बापाच्या पहिलीच्या पुस्तकातून त्याच्यासंगं बसून शिकले मी, त्याच्या चुका मीच तपासल्यात.

तर लिहिते. ताप नाही. जखम कोरडी. दोन भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या.

बेंबीच्या वर लिंबाएवढा गोळा होता. खोकलं की बाहेर यायचा, निजलं की आत जायचा. त्याला हर्निया म्हणतात. डॉक्टरांनी तो आत लोटून वरून जाळी शिवली. मी विचारलं, "आमी मेंढरं कोंडायला वाघर लावतो तसली जाळी का?" ते हसले. "तसलीच मामी, फक्त बारीक. आतलं आतच राहावं म्हणून."

२५ नोव्हेंबर

टाके काढले. कंपाउंडर होता, तरी डॉक्टरांनी स्वतः काढले. हात इतका हलका की मला कळलंही नाही.

जाऊबाई म्हणतात, बीडला मोठे दवाखाने असताना गेवराईला कशाला गेलीस. त्यांना काय सांगायचं. आदिनाथ डॉक्टरांची आई आमच्या चकलांब्याची. आमच्या मालकांना ते लहानपणापासून मामा म्हणायचे. मालकांच्या शेवटच्या दुखण्यात तेच होते.

ते लिहूनच टाकते. मालकांच्या पोटात दुखू लागलं त्या दिवशी आमच्या अकरा मेंढ्या व्यायल्या. मी त्यांना ओवा आणि गरम पाणी दिलं आणि कोकरांमागं धावत राहिले. दुसऱ्या दिवशी गेवराईला आदिनाथ डॉक्टरांकडं नेलं. तिथं दोन दिवस सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी संभाजीनगरला पाठवलं, तर पाचोडच्या पुढं गाडीतच गेले.

दहाव्याला डॉक्टर घरी आले. सगळे पुरुष ओट्यावर बसलेले, आणि ते सरळ आत माझ्यापाशी येऊन खाली बसले. म्हणाले, "मामी, आधी आणलं असतं तरी उपयोग नव्हता. आतडं आत केव्हाच सडलं होतं."

तीन वर्षं झाली. त्या एका वाक्यावर मी जेवते, झोपते, उठते. ते वाक्य नसतं तर त्या ओव्याच्या दिवसानं मला खाऊन टाकलं असतं. मग ह्या माणसाच्या हाती पोट द्यायचं नाही तर कुणाच्या द्यायचं?

४ डिसेंबर

सकाळी लुगड्याला ओल लागली. जखमेच्या खालच्या टोकातून पाणी आलंय. पांढरट. ताप नाही, पण अंगात कणकण आहे.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. रविवारी एक कोकरू दावणीत अडकलं होतं. स्वप्ना, माझी सून, पाण्याला गेलेली. मी ते उचलून बाहेर ठेवलं. जेमतेम आठ दिवसांचं कोकरू, पण उचललं हे खरं.

७ डिसेंबर

गेवराईला जाऊन आले. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि बराच वेळ बघत राहिले. दाबून बघितलं. मग सोनोग्राफीला पाठवलं. कागद आला तो त्यांनी उभ्यानंच वाचला, घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

"थोडं पाणी साठलंय. जिरून जाईल," म्हणाले. मग एकदम म्हणाले, "मामी, काही जड उचललं होतं का तुम्ही?"

मी कोकराचं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

तर त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. खुर्चीत मागं टेकले. "बघा. मी म्हटलंच. नको म्हणून सांगितलं होतं ना?" रागावले नाहीत अजिबात. लगेच माझ्या कागदावर ते लिहूनही घेतलं. मला वाटलं होतं बोलतील, पण उलट स्वतः दारापर्यंत पोचवायला आले. चूक कबूल केली की माणसाला बरं वाटतं, आपल्यालाही आणि समोरच्यालाही.

फाइल त्यांच्याकडंच ठेवून घेतली. "तुमच्याकडं हरवेल," म्हणाले. गोष्ट खरी आहे. आमच्या घरात कागद शेळी खाते.

१५ डिसेंबर

माझा पोरगा बजरंग मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघाला. दरवर्षी दिवाळी झाली की जातो, ह्या वर्षी माझ्यामुळं महिनाभर थांबला. घोड्यावर सामान बांधून झालं तरी पोरगं निघेना.

"आई, दुसऱ्याला दाखव."

"कावून? रोज सकाळी फोन करतेत डॉक्टर. कोण करतं एवढं?"

"तेच म्हंतो मी. एवढा फोन कावून करतेत?"

"मायेनं करतेत."

"दादांच्या टायमाला बी तू असंच म्हणलीस. मी म्हणत होतो संभाजीनगरला नेऊ. तू म्हणलीस आदिनाथ आपला हाय." बापाला तो दादा म्हणायचा.

"आधी नेलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यांनी सांगितलं ना."

बजरंगनं कुत्र्याला हाक मारली आणि निघाला. मला त्याचा राग आला होता. मेंढरांची धूळ दिसेनाशी झाली तेव्हा वाटलं, पोरानं जेवून तरी जायचं होतं.

दोनदा पट्टी बदलली. दोन्ही वेळा भिजलेली होती.

२९ डिसेंबर

गोळ्या बदलल्या. तोंड कडू. पट्टी आता कंपाउंडर शिवशंकर करतो. डॉक्टर आत पेशंटमध्ये असतात. आज शिवशंकरच्या हाती माझ्यासाठी खजुराचं पाकीट पाठवलं त्यांनी. कामाच्या एवढ्या गर्दीत आठवण ठेवली.

९ जानेवारी २०२५

जखम मधून फुटली होती. डॉक्टरांनी भूल देऊन पुन्हा वरून टाके घातले. म्हणाले, आता बंद केली, आता भरेल.

मी विचारावं की नको, करत होते. पण आमचा जन्म मेंढरांत गेला. लांडग्यानं फाडलेली मेंढी मी माझ्या हातांनी बरी केलेली आहे. जखमेचं तोंड उघडं ठेवायचं, आत कापडाची वात ठेवायची, रोज बदलायची. ती बुडापासून भरत वर आली पाहिजे. तोंड आधी मिटलं तर आत पू राहतो आणि आठ दिवसांनी जनावर जातं. हे सासऱ्यांनी मालकांना शिकवलं आणि मालकांनी मला.

म्हणून एवढंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तोंड मिटवलं तर आतलं कुठून निघंल?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "मामी, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

शिवशंकर तिथंच होता. त्यानं खाली बघितलं.

बरोबर आहे त्यांचं. माणूस म्हणजे मेंढी नाही. इतकी वर्षं शिकले ते. पण मला ते आवडलं नाही. शब्द नाही, आवाज. तो आवाज चिडलेल्या माणसाचा नव्हता. पोरं काही लपवताना आपण जवळ गेलो की काढतात, तसला होता. मी असं का लिहिते आहे? दुखतंय म्हणून लिहीत असेन.

१६ जानेवारी

सकाळचा फोन चार दिवसांपासून आला नाही. कामात असतील.

जाऊबाई बायनाबाई आल्या होत्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, दात नाहीत, पण जीभ शाबूत. माझ्या पोटाला बोट लावून म्हणाल्या, "भामे, हे तव्यावाणी तापलंय. कुठवर भाच्याची अब्रू झाकती?"

"माझंच चुकलंय बाई. मी कोकरू उचललं."

"कोकरू उचललं म्हणून पू झाला? मग मी बारा पोरं उचलली, मी तर सडून जायाला पायजे होते."

हसू आलं, पण हसल्यावर टाके दुखले.

२३ जानेवारी

अक्षर नीट येत नाही. ताप. टाक्यांच्या मधून पिवळं येतंय, वास आहे.

स्वप्ना सकाळी एकटी गेवराईला जाऊन फाइल घेऊन आली. डॉक्टर नव्हते. शिवशंकर द्यायला तयार नव्हता म्हणे. ही काउंटरपाशी बसून राहिली. म्हणाली, "माझ्या सासूचं पोट हाय, कागद बी तिचाच हाय." शेवटी त्यानं खणातला सोनोग्राफीचा कागद काढून फाइलमध्ये घातला आणि तिच्याकडं न बघता दिली. एरवी ही पोरगी माझ्यापुढं मान वर करून बोलत नाही.

तिनं बीडची गाडी सांगितलीय. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "आत्याबाई, ह्या येळी तुमचं ऐकायचं न्हाई."

४ फेब्रुवारी

बीड. आज बसता येतंय.

जाळी काढली. इथल्या डॉक्टर बाई आहेत, माझ्या लेकीच्या वयाच्या. मला आजी म्हणतात. जखम उघडी ठेवलीय आणि आत वात भरलीय. रोज बदलतात. मी बघितलं आणि डोळे भरून आले. बाईंना वाटलं दुखतंय. मी सांगितलं, दुखत नाही, मालकांची आठवण झाली.

मग मी त्यांना विचारलं, "बाई, मी कोकरू उचललं होतं. त्याच्यानंच झालं ना?"

"कितीचं होतं कोकरू?"

"आठ दिवसांचं."

त्या हसल्या. "आजी, वजनानं टाका तुटू शकतो. पू होत नाही. जाळीत जंतू गेले होते. कुणाच्याही हातून होतं हे, माझ्याही हातून झालंय." फाइल चाळत होत्या. सात डिसेंबरच्या कागदावर थांबल्या.

"तुम्हाला तेव्हा काय सांगितलं?"

"पाणी हाय, जिरून जाईल."

त्यांनी कागद परत लावला. स्वप्नानं विचारलं, त्यात काय लिहिलंय. बाईंनी आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, जाळीभोवती पू असावा, असं लिहिलंय. माझ्या पायावरची चादर सारखी केली आणि गेल्या.

१० फेब्रुवारी

सात डिसेंबरला त्यांना माहीत होतं. उभ्यानं वाचला होता कागद. आणि मग मला विचारलं, जड उचललं का.

दोन महिने मी रोज त्या कोकराला दोष दिला. मेंढरं निघेपर्यंत गोठ्यात ते दिसलं की तोंड फिरवायची.

पोटाचं मला एवढं वाटत नाही. जाळी गेली, पोट भरून येईल. बाई म्हणतात गोळा पुन्हा येईल कदाचित. येऊ दे. त्यांच्या हातून चूक झाली ह्याचाही राग नाही. मालकांच्या हातून लोकर कातरताना मेंढीचा कान नाही का कापला गेला कितीदा.

पण त्यांनी माझ्या तोंडावर एक खोटं सांगितलं, आणि मायेनं सांगितलं. तोच चेहरा, तोच आवाज. म्हणजे त्यांना तसं सांगता येतं. मग दहाव्याच्या दिवशी माझ्यापाशी बसून सांगितलं ते काय होतं?

इथल्या खाटेवर पडून मी एकच हिशेब करते. माझा ओव्याचा एक दिवस. त्यांचे सलाईनचे दोन दिवस.

२१ फेब्रुवारी

घरी आले. स्वप्ना वात बदलते. बाईंनी तिला शिकवलं, पण तिला मेंढरांमुळं आधीच येत होतं. जखम बुडापासून लाल भरतेय. बोटाचं एक पेर वर आली.

बायनाबाई रोज येतात. त्यांचं एकच, "कोर्टात खेच त्याला. न्हाईतर दवाखान्याम्होरं जाऊन बस, मी येती संगं. मला बोंब मारायला लई दिवस झाले जागा घावली न्हाई."

मी म्हणाले, मला त्यांना काही करायचं नाही. मला एक विचारायचंय.

"इचार की मंग."

"भ्या वाटतं."

"त्याचं?"

"उत्तराचं."

बायनाबाई माझ्याशेजारी आडव्या झाल्या आणि तिथंच झोपल्या. माझ्या मालकांच्या अंगाला जसा लोकरीचा वास यायचा तसाच त्यांच्या लुगड्याला येतो.

२ मार्च

आदिनाथ डॉक्टर आले होते. मी बोलावलं नव्हतं. दुपारी मोटारसायकलीवर एकटेच आले, फळं वगैरे काही नाही हातात. ओट्याखाली उभेच राहिले. स्वप्ना दारात आडवी. मी म्हणाले, येऊ दे, चहा टाक.

ते वाळले आहेत. बराच वेळ कपाकडं बघत बसले. मग म्हणाले, "बीडच्या मॅडमशी बोललो मी. जखम चांगली भरतेय म्हणाल्या."

"व्हय."

"मामी, मला त्या दिवशीच कळलं होतं. वाटलं गोळ्यांनी बसेल. तुम्ही दुसरीकडं गेलात तर मामांच्या घरच्यांनीच मला सोडलं, असं होईल, असं वाटलं. मग एक दिवस गेला, दोन गेले, आणि नंतर सांगायला तोंडच राहिलं नाही."

मी म्हणाले, "ते राहू द्या. जाळीचं मी इचारत न्हाई. मालकांचं इचारते."

त्यांनी कप खाली ठेवला.

"आधी आणलं असतं तर?"

चुलीवरचं दूध उतू गेलं आणि स्वप्ना तिकडं धावली.

"तुम्ही आणलं त्याच दिवशी मी त्यांना पुढं पाठवायला पाहिजे होतं, मामी. पोट तेव्हाच दगडासारखं होतं. मला वाटलं मी सांभाळीन. नवीन दवाखाना होता. दोन दिवस घालवले मी."

"वाचले असते?"

"माहीत नाही. हे खरंच माहीत नाही. तुमच्या एका दिवसानं फरक पडला नसता, असं वाटतं. माझ्या दोन दिवसांचं सांगता येत नाही."

"मंग तसं कावून म्हणालात तवा?"

"तुम्ही ओव्याचं सांगत होता. सारखं तेच सांगत होता, जेवत नव्हता. मला बघवलं नाही." मग अगदी हळू म्हणाले, "आणि माझ्यासाठीही म्हणालो."

ते रडत होते. मी रडले नाही. नवल वाटतं, पण मला त्यांचा विश्वास वाटला. "माहीत नाही" म्हणाले तेव्हा वाटला. इतक्या महिन्यांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं, ज्याला काही आधार द्यावा लागत नव्हता.

उठताना म्हणाले, "ड्रेसिंगला मी येत जाऊ का?"

"न्हाई. स्वप्ना करती." मग मी म्हणाले, "तुमच्या हातचं औषध आता मला व्हायचं न्हाई, डॉक्टर. पण मामांचं घर हाय. येत जा."

त्यांनी पायाला हात लावला. मी मागं घेतला नाही, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. ते गेल्यावर मात्र वाटलं, ठेवायला काय झालं होतं.

३ मार्च

सकाळी खूप रडले. तीन वर्षांपूर्वीच्यासारखी. मालक काल गेले असं वाटत होतं. स्वप्नानं सायलीला शाळेत धाडलं, माझी वात बदलली आणि भाकरी करायला बसली.

एक काम राहिलं होतं ते केलं. बजरंगला फोन लावला. शहागडच्या अलीकडं आहेत म्हणाला, ऊस तुटलेल्या वावरात. मी त्याला डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं. जसं बोलले तसं. आणि म्हणाले, "तू संभाजीनगरला नेऊ म्हणत होतास ते बरोबर होतं. मी नको म्हणाले. तीन वर्षं तुझ्या तोंडावर ते एकच वाक्य मारत आले."

वाटलं फोन तुटला, पण मेंढरं ऐकू येत होती.

मग म्हणाला, "आई, आसारामची जीप ठरवली व्हती मी त्या दिवशी. दारात उभी व्हती. तू नको म्हणलीस आन् मी परत लावून दिली."

"मीच म्हणाले ना नको."

"आगं, ऐक तर. तू नको म्हणलीस तवा मला बरं वाटलं. मेंढ्या व्यायल्या व्हत्या, माझा पाय निघत नव्हता. तू म्हणलीस आन् मी सुटलो." पुढं म्हणाला, "मी कुणाला बोललो न्हाई हे. स्वप्नाला बी न्हाई."

मी भिंतीला टेकून बसले. ह्या घरात मी एकटीच ते ओझं वागवते असं समजत होते, आणि पोरगं तेच घेऊन मेंढरांमागं हिंडत होतं. त्याला राग माझा नव्हता. मला ते कधी दिसलंच नाही, कारण मी माझं वाक्य धरून बसले होते.

"बजा," मी म्हणाले, "एक दिवस घरी येऊन जा."

"मेंढरं कुणापाशी सोडू?"

त्या दिवशीही आम्ही दोघं मेंढरांपायीच अडलो होतो. त्यालाही ते माहीत आहे, मलाही. पलीकडं कुणीतरी मेंढरांना हाकलत होतं, मग ते थांबलं.

"येतो," म्हणाला.